थोरल्यानं उचलायचं झाड

गुरुजी,

तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नव्हे. पण चांगली बातमी असली की माणूस ती जिवंत लोकांना सांगत हिंडतो, आणि मीही हिंडलो. बढती मिळाली, घर बांधलं, मुलगा इंजिनिअर झाला, मार्गशीर्षातल्या एकादशीला व्याख्यानासाठी मंडळ मलाच बोलवायला लागलं, हे सगळं परभणीतल्या बऱ्याच जणांना माझ्या तोंडून कळलेलं आहे, काहींना दोनदा. आज जे लिहितोय ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुमची आठवण झाली. हे वाचून तुम्ही चष्म्याच्या वरून बघाल आणि म्हणाल, "म्हणजे अडगळ टाकायला माझी खोली." तसंच समजा.

विषय झाडाचा आहे. नाताळच्या झाडाचा. हसू नका, किंवा हसा. पुढं हसायला फारसं मिळणार नाही.

माझी सून ख्रिस्ती आहे, जालन्याची. गुरांची डॉक्टर आहे. रोज सकाळी बसनं मानवतला जाते आणि संध्याकाळी अंगाला शेळ्यांचा वास घेऊन परत येते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुठल्यातरी वाडीवरून फोन येतो, "डॉक्टरीणबाई, मेंढी उभीच राहंना झालीय हो," आणि ही हातातली पोळी तशीच ठेवून दहा प्रश्न विचारते. मुलानं हिच्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. इथल्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हटली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या देवळातल्या प्रार्थनेला कोट घालून पहिल्या रांगेत बसलो. गावात माझं नाव झालं. गुरुजी (इथं आता मलाच गुरुजी म्हणतात) एवढं शास्त्र शिकलेले पण किती पुढारलेले, असं लोक म्हणाले, आणि मी ते मान किंचित खाली घालून, म्हणजे नीट ऐकू येईल अशा बेतानं, ऐकून घेतलं. विचारानं पुढारलेलं असणं हे काम मला जमतं. त्यात काही उचलावं लागत नाही.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत, श्रावणात, तिचे वडील गेले. जालन्याच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. हसरा, उंच माणूस. आमच्याकडं आले की माझ्या बायकोला रांगोळीसाठी नवे नमुने काढून द्यायचे, आणि आमच्या देवघराचं चित्र काढताना समईची वात किती वाकडी आहे तेही सोडायचे नाहीत. ते गेल्यावर ही आठ-पंधरा दिवस माहेरी राहिली, परत आली, आणि दुसऱ्या दिवशी मानवतला गेली. रडताना मी तिला पाहिलं नाही. मुलगा कामानिमित्त हैदराबादला असतो, महिन्यातून दोनदा येतो. घरात आम्ही तिघंच. ती आपली जेवताना दवाखान्यातल्या गमती सांगायची आणि आम्ही हसायचो.

कार्तिक संपत आला होता. संध्याकाळची वेळ. माझी बायको भाकरी थापतेय, सून मेथी निवडतेय, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, मदत करतोय असं वाटावं म्हणून, लसूण सोलतोय.

"बाबा, एक विचारू का?"

"विचार."

"आमच्याकडं नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी एका रविवारी झाड आणतेत. कुंडीतलं. मोठी पद्धत आहे त्याची. घरातल्या सगळ्यांनी मिळून जायचं. सगळ्यात धाकट्यानं निवडायचं आणि सगळ्यात थोरल्यानं उचलून घरापर्यंत आणायचं. गाडीवर न्हाई, हातात."

"म्हणजे निवडणार तू," बायको म्हणाली.

"हो. आणि उचलायचं बाबांनी."

बायको तव्यावरची भाकरी विसरून हसायला लागली. "यांनी? अगं, यांनी आजपर्यंत भाजीची पिशवी उचलली न्हाई. झाड काय उचलतेत!"

"पप्पा खांद्यावर घेऊन सगळ्या मार्केटमधून यायचे," सून म्हणाली. "मला लय लाज वाटायची. सगळे बघायचे ना. मी दहा पावलं मागं चालायची, जसं काय ओळखतच न्हाई." ती हसली आणि मग मेथीची एकच काडी बराच वेळ निवडत राहिली.

मी म्हणालो, "आणू की. त्यात काय एवढं?"

तुम्ही परभणीला आला होतात तेव्हा जिंतूर रस्ता एवढा वाढलेला नव्हता. त्याच रस्त्याला एक रोपवाटिका आहे, तिथं ही झाडं मिळतात. आमचं घर तिथून पायी वीसेक मिनिटांवर, पण वाटेत मारुतीचं देऊळ लागतं, आणि त्या देवळाच्या कट्ट्यावर आमचं मंडळ बसतं. मंडळ म्हणजे निवृत्त माणसं. त्यांना पेन्शन आहे, वेळ आहे, आणि रस्त्यानं कोण काय घेऊन चाललंय याविषयी अखंड जिज्ञासा आहे. दर वर्षी एकादशीला मी त्याच कट्ट्यासमोर उभा राहून बोलतो आणि ते माझ्या गळ्यात हार घालतात. त्या रस्त्यानं मी दोन्ही हातांत नाताळचं झाड धरून चाललोय, असं चित्र लसूण सोलता सोलता माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. ते मला आवडलं नाही. एवढंच झालं. मनात धर्म नव्हता, द्वेष नव्हता, कुठला पूर्वपक्षही नव्हता. फक्त आपण कसे दिसू, हा विचार होता. मोठं पाप असतं तर सांगायला निदान बरं वाटलं असतं.

पहिल्या रविवारी सकाळी ती तयार होऊन बसली. मी देवघरातून पंचांग आणलं, चष्मा लावला आणि म्हणालो, "आज अमावास्या आहे. घरात नवीन काही आणत नाहीत."

अमावास्या खरंच होती. पण दिवाळीचं लक्ष्मीपूजन आपण अमावास्येलाच करतो, हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या होतं. ती म्हणाली, "असं का? बरं. मग पुढच्या रविवारी." आणि ओढणी काढून ठेवून तिनं धुणं भिजवलं.

त्या गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. माझी बायको दर वर्षी लक्ष्मीचा कलश मांडते. यंदा तिचा गुडघा दुखत होता, तर सुनेनं पहाटे उठून आंब्याचे डहाळे तोडून आणले, पाच फळं आणली, कलशाभोवती कोणती पानं कशी लावायची ते सासूला विचारून विचारून लावली. "आई, दुर्वा अशा का? उलट्या तर न्हाई झाल्या?" मग आंघोळ करून आलेल्या मला तिनं विचारलं, "बाबा, बरोबर मांडलंय का बघा." मी बघितलं. बरोबर मांडलं होतं. मी तिला तसं सांगितलंही, आणि आपण किती उदार आहोत असं वाटून मला प्रसन्न वाटलं.

दुसऱ्या रविवारी पंचक होतं. पंचकात काष्ठसंग्रह करू नये असं आहे. तो नियम लाकूडफाट्याचा, सरपणाचा; मुळं आणि माती असलेल्या जिवंत झाडाचा नव्हे. तुमच्या कोणत्याही विद्यार्थ्यानं परीक्षेत असा हेत्वाभास लिहिला असता तर तुम्ही पान फाडलं असतं. मी मात्र ठणठणीत आवाजात सांगितलं. त्यावर तिनं विचारलं, "पंचक म्हणजे काय, बाबा?" मनापासून विचारलं. आणि मी तिला पाच नक्षत्रं, चंद्राचं भ्रमण, धनिष्ठेचा उत्तरार्ध, सगळं कागदावर काढून समजावलं. ती गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती, मधे मधे चांगल्या शंका काढत होती. कबूल करायला हवं, मी छान शिकवलं. खोटं सांगताना मी इतका चांगला शिक्षक होतो, हे मला नंतर फार टोचलं, तेव्हा नाही.

त्याच दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि फोन कानाला लावून आईशी बोलत होती. मी जिन्यात होतो. "न्हाई गं मम्मी, अजून न्हाई आणलं. आमच्याकडं पंचक लागलंय. ... अगं असतंय तसं. तुला न्हाई कळायचं, आमच्याकडं बघावं लागतंय ते."

आमच्याकडं. गुरुजी, दहा दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात तिनं "आमच्याकडं" म्हटलं तेव्हा ते जालना होतं. आता ते माझं घर झालं होतं, आणि कशाच्या जोरावर? मी रचलेल्या थापेच्या. मी तिला घरात घेतलं ते असं. मी जिन्यातून तसाच खाली आलो आणि वर्तमानपत्र उघडून बसलो. काय वाचलं ते विचारू नका.

तरीही तिसऱ्या रविवारी मी धनुर्मास काढलाच. यावेळी माझी बायको भडकली. "धनुर्मासात लग्नं लावत न्हाईत एवढं मलाबी कळतंय. झाडाचं लग्न लावायलोत का आपण?"

मी म्हणालो, "शास्त्र असंय की..."

"तुमचं शास्त्र बरं तुमच्या सोयीपुरतं चालतं!"

सूनच मधे पडली. "जाऊ द्या आई. बाबांनी बघितलंय ना."

तिनं कुचकटपणे म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. ती साधेपणानं म्हणाली, निदान मला तसं वाटलं. त्या दुपारी मी आडवा पडलो आणि मला तुमचं गंगाखेडचं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही कोण जाणे. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या आणि शाळा सुटल्यावर तुम्ही स्वतःच चूल पेटवायचात. आम्ही तिघं-चौघं विद्यार्थी चुलीसमोर बसून शब्दरूपं म्हणायचो आणि तुम्ही भाकरी थापता थापता चुका काढायचात, कोणाचं रूप चुकलं की त्याच्या वाटची भाकरी करपलेली निघायची आणि तुम्ही म्हणायचात, "हे बघ, अग्नीलासुद्धा सहन झालं नाही." धुरानं आमचे डोळे लाल. अशात एकदा गोदाकाठच्या कुठल्याशा खेड्यातला एक माणूस आला. मागं त्याची मुलगी, हातात पत्र्याची ट्रंक. मुलीला परभणीच्या शिक्षिकांच्या कॉलेजात जागा मिळाली होती, गाडीला तासभर अवकाश होता, आणि बापाचं मन होत नव्हतं. तो तुम्हाला बाजूला घेऊन, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, कुजबुजला, "गुरुजी, पोरगी लय हट्टाला पेटलीय. तेवढं आज जायाचं न्हाई म्हणून सांगा. तुमचं ऐकंल."

आणि मी, पंचांग बघायला नुकताच शिकलेला, मांडीवरचं पंचांग न उघडताच ओरडलो, "गुरुजी, आज मंगळवार! उत्तरेला दिशाशूल! परभणीकडं निघायचं नाही!"

तुम्ही भाकरी उलटलीत. मग त्या माणसाला विचारलंत, "नको असं तुम्हाला वाटतंय की पंचांगाला?" त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सांगा तिला. बाप आहात, अधिकार आहे. माझ्या पंचांगाला कशाला पुढं ढकलता?" आणि मुलीकडं वळून, "दिशाशूल आहे, खरं आहे. त्याला गूळ खाऊन निघायचं असतं." डब्यातला गुळाचा खडा तुम्ही तिच्या हातावर ठेवलात. तिनं तो तिथंच, उभ्या उभ्या, ट्रंक न सोडता खाल्ला. बाप तिच्या मागून स्टेशनकडं गेला. जाताना ट्रंक त्यानंच घेतली.

ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "तुला येतं ते कोणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून शिकवलं. कोणाला अडवायला नाही. अडवायला अडाणी माणसं पुरेशी आहेत." त्या दिवशी माझ्या वाटची भाकरी करपलेली नव्हती. ती खाणं अधिक अवघड गेलं.

हे सगळं आठवलं, गुरुजी, आणि तरी मी उठून "चल, झाड आणू" म्हणालो नाही. आठवण झाली की माणूस सुधारतो असं जे आपण मुलांना सांगतो, त्यात दुरुस्ती करायला हवी. मी चहा मागितला.

चौथा रविवारही गेला. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगा हैदराबादहून उतरला, पिशवी ठेवली आणि म्हणाला, "झाड कुठंय?"

सून म्हणाली, "धनुर्मास चालूय ना."

मुलानं माझ्याकडं बघितलं. तो माझ्या हाताखाली वाढलाय. धनुर्मासात आम्ही भल्या सकाळी गरम खिचडी खातो यापलीकडं घरात काही होत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक. "बाबा?" एवढंच तो म्हणाला. मी कोपऱ्यातल्या चपला शोधायला लागलो. "निघायचं का मग?" मी म्हणालो, जसं काय सगळी मंडळी माझ्यासाठीच थांबली होती.

रोपवाटिकेत गेलो तर माळी म्हणाला, "सर, लय उशीर केलात की. रविवारीच गेली समदी. तीस झाडं व्हती." मग डोकं खाजवत, "एक हाय मागं. पर त्येला कुणी घेतलं न्हाई."

मागच्या बाजूला शेवग्याखाली ते झाड होतं. ही झाडं मजल्यामजल्यांची असतात, दर मजल्यावर फांद्यांचं एक चक्र. याच्या मधल्या मजल्याच्या एका अंगाच्या फांद्या बकरीनं खाव्यात तशा गायब होत्या आणि शेंडा जरा उजवीकडं कललेला. मुलगा म्हणाला, "चला, प्लॅस्टिकचं बघू बाजारात." सून त्या झाडाजवळ उकिडवी बसली, मेंढी तपासतात तशी. माती बोटानं उकरून बघितली, खालची फांदी उचलून बघितली, मग उठून त्याच्याभोवती सावकाश एक चक्कर मारली, लांब जाऊन डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा जवळ आली.

माळी म्हणाला, "बाई, एकच हाय. त्यात काय बघायलात एवढं?"

"निवडायलेय," ती म्हणाली.

गुरुजी, मी तिचं नुसतं झाड लांबवलं नव्हतं. बाप असेपर्यंत दर वर्षी तिला कितीतरी झाडांतून एक निवडायला मिळायचं. बाप गेला त्याच वर्षी मी निवडायला काही शिल्लक ठेवलं नाही. अमावास्या, पंचक, धनुर्मास करत करत मी एकोणतीस झाडं दुसऱ्यांच्या घरी पाठवली होती. तिनं आणखी एक चक्कर मारली आणि म्हणाली, "हेच."

मुलानं कुंडी उचलायला हात घातला. ती म्हणाली, "न्हाई. बाबा उचलतेत."

मी उचललं. जड होतं, कुंडी सिमेंटची, आणि फांद्या तोंडावर येत होत्या. दहा पावलं गेलो असेन, मग मी थांबलो, कुंडी खाली ठेवली, खांद्यावरची शाल काढली आणि झाडावरून पांघरली.

"बाबा, काय करायलात?"

"थंडी आहे."

"ते थंडीतलंच झाड आहे!"

"परभणीची थंडी वेगळी."

मुलगा आणि बायको हसले. मीही हसलो. सून हसली, पण जरा उशिरा. ती शाल कोणती हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. गंगाखेडच्या सत्कारात ती तुम्हाला मिळाली होती, आणि दुसऱ्या दिवशी मी निरोप घ्यायला आलो तेव्हा तुम्ही ती माझ्या अंगावर टाकून म्हणाला होतात, "घे. मानाची हौस माझ्यापेक्षा तुला जास्त आहे." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

देवळाशी आलो. कट्ट्यावर ऊन खात मंडळ बसलेलं. चिटणीस म्हणजे एक निवृत्त तलाठी, वयानं माझ्यापेक्षा मोठे, माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत डोळे मिटून बसणारे. त्यांनी मला दोन्ही हातांत काहीतरी उभं, उंच, शालीनं झाकलेलं छातीशी धरून येताना पाहिलं. आपल्याकडं घरी आणताना काय झाकून आणतात, तुम्हीच सांगा. ते लगबगीनं उठले, चपला काढल्या आणि हात जोडले. "दत्त महाराज का, गुरुजी? की गणपती?" त्यांच्या मागचे दोघंही उठून हात जोडून उभे राहिले.

मी बोललो नाही. एक शब्द पुरे होता. मी उभा होतो आणि ती माणसं अनवाणी उभी राहून नमस्कार करत होती, आणि मी तो होऊ दिला. किती वेळ, ते माहीत नाही. मला लांब वाटला.

सून पुढं आली. "काका, झाड आहे. नाताळचं. माझं आहे ते, बाबांनी नुसतं धरलंय."

माझं आहे. पंधरा दिवसांपूर्वी गच्चीवर "आमच्याकडं" म्हणणारी मुलगी "माझं" म्हणाली, आणि ते मला वाचवायला म्हणाली. मी ते माझ्यावरचं ओझं उतरावं तसं उतरू दिलं. झाड मात्र हातातच होतं.

चिटणीस जोडलेले हात कुठं ठेवावेत या विचारात क्षणभर थांबले, मग खुशीत म्हणाले, "अरे वा! उद्या नाताळ न्हाई का! मग झाकलं कशाला हो, गुरुजी?"

मी तोंड उघडलं. तिनंच उत्तर दिलं, अगदी सरळ चेहऱ्यानं, "मुहूर्त नव्हता ना, काका."

तेव्हा कळलं की तिला माहीत होतं. कधीपासून ते मला माहीत नाही. कदाचित नक्षत्रं समजावून घेतानाच. चिटणीस मोठ्यानं हसले, "गुरुजींचं काम म्हणजे पक्कं!" आणि उद्या फराळाला येतो म्हणून सांगून चपला शोधायला लागले. ज्यांना मी महिनाभर भीत होतो त्यांना एवढंच वाटलं. आणि एवढं झाल्यावरही, गुरुजी, मी शाल काढली नाही. फाटकापर्यंत तशीच नेली.

नाताळ चांगला झाला. मंडळ आलं, करंज्या आणि केक खाऊन गेलं. तिची आई जालन्याहून आली होती. तिनं झाडाची उघडी बाजू भिंतीकडं वळवली, आणि सुनेनं ती पुन्हा समोर वळवली. मला कोणी काही म्हणालं नाही. सून पूर्वीसारखीच बोलते, चिडवते. चहात साखर कमी पडली तर म्हणते, "धनुर्मास आहे, बाबा." मी हसतो. ती मला सोडून देते, आणि दर वेळी सोडून दिल्यावर मी थोडा आणखी अडकतो. तिला एकदा समोर बसवून सांगावं, की पंचांगात काही नव्हतं, मला रस्त्यानं जायची लाज वाटत होती, आणि तुझ्या वडलांना ती वाटत नव्हती. तीन वाक्यं आहेत. मी तासभर न थांबता बोलू शकतो, हार घालून घेऊ शकतो, आणि ही तीन वाक्यं होत नाहीत.

संक्रांत झाली. परवा ती झाडाला पाणी घालताना म्हणाली, "बाबा, हे कुंडीत न्हाई राहायचं आता. जमिनीत लावावं म्हणते. मागं परसात लावू की पुढं, रस्त्याच्या बाजूला? आणि चांगला दिवस कोणता तेवढं बघून सांगा." मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यावर थट्टा नव्हती. निदान मला दिसली नाही. तिनं मला खरोखर विचारलं होतं, जे मला येतं ते.

मी म्हणालो, "बघून सांगतो."

आज रविवार. ती आत्ता अंगणात आहे, कुदळ कुठंय म्हणून सासूला विचारतेय. मी हे लिहीत बसलोय आणि हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. एक गोष्ट राहिली, ती सांगून टाकतो. पंचांग मी परवाच पाहिलं, ती आत गेल्याबरोबर. कालचा दिवस उत्तम होता. आजचाही आहे. पुढंच लाव, फाटकाजवळ, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, एवढं तिला जाऊन सांगायचं आहे. आणि ते मी तुम्हाला सांगतो आहे.